सभागृहे उभी राहिली, वादक पोटाला महाग

ग्रीसच्या 1975 च्या राज्यघटनेतील सोळाव्या कलमाचा पहिलाच परिच्छेद सांगतो की कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन ही क्षेत्रे मुक्त आहेत आणि त्यांचा विकास व संवर्धन करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत अथेन्समध्ये 1991 साली आणि थेस्सालोनिकीमध्ये 2000 साली भव्य संगीत सभागृहे उभी राहिली, राष्ट्रीय ऑपेरा 2017 मध्ये रेंझो पियानो या वास्तुविशारदाने उभारलेल्या समुद्रकाठच्या नव्या घरात राहायला गेली, आणि दर उन्हाळ्यात हेरोडिस आत्तिकसच्या प्राचीन रंगमंदिरात पाश्चात्य अभिजात संगीताचे कार्यक्रम हजारो श्रोत्यांच्या गर्दीत होत राहिले. याच पन्नास वर्षांच्या अखेरीस अथेन्समधला एखादा उत्तम शिक्षण घेतलेला चेलोवादक घरभाडे, विम्याचा हप्ता आणि तारांचा नवा संच यांपैकी या महिन्यात काय पुढे ढकलावे याचा हिशेब करत बसलेला असतो. माझे म्हणणे असे आहे की हे दुर्दैव नव्हे, धोरण आहे. ग्रीक राज्याने अभिजात संगीताला वास्तू म्हणून, उत्सव म्हणून आणि राष्ट्राची प्रतिष्ठा म्हणून मान्यता दिली. ते संगीत वाजवणाऱ्याचे कष्ट हेही इतर कोणत्याही नोकरदाराच्या कष्टांसारखेच मोजायचे आणि भरपाई करायचे काम आहे, ही मान्यता मात्र आजवर अर्धवटच राहिली.

आधी आकार लक्षात घेऊ. 2021 च्या जनगणनेनुसार ग्रीसची लोकसंख्या सुमारे एक कोटी चार लाख आहे. सार्वजनिक पैशावर बारमाही चालणारे मोठे सिंफनी वाद्यवृंद म्हणावेत असे त्या देशात चार आहेत: 1942 मध्ये सरकारी झालेला अथेन्सचा राज्य वाद्यवृंद, 1959 मध्ये स्थापन झालेला थेस्सालोनिकीचा राज्य वाद्यवृंद, राष्ट्रीय ऑपेराचा वाद्यवृंद, आणि ‘ईआरटी’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा 1938 पासूनचा राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंद. याशिवाय काही नगरपालिकांचे वाद्यवृंद आणि बँड आहेत, पण पुरेशा पगाराची कायम नोकरी तिथे क्वचितच मिळते. म्हणजे ग्रीसमध्ये साधारण सव्वीस लाख लोकांमागे एक मोठा वाद्यवृंद पडतो. जर्मनीत सार्वजनिक पैशावर चालणारे सुमारे 130 वाद्यवृंद आहेत, म्हणजे तिथे साडेसहा लाख लोकांमागे एक. ओबोसारखे फुंकवाद्य शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ फार सरळ आहे. एका वाद्यवृंदात ओबोवादक तीन किंवा चार असतात, तेव्हा सगळ्या देशात तिच्यासाठी बारा ते सोळा जागा आहेत आणि त्यांतली एखादी रिकामी व्हायची तर कोणीतरी निवृत्त व्हावे लागते. ग्रीक सरकारच्या कर्जसंकटाच्या वर्षांत तर तेवढ्यानेही भागत नव्हते, कारण सरकारी सेवेतले पाच जण गेल्याशिवाय एकाची भरती करायची नाही असा दंडकच कर्जदात्यांबरोबरच्या करारांमुळे लागू झाला होता. वाद्यवृंदाला तो लावणे म्हणजे पाच व्हायोलिन गेल्यावर एक तुतारी घेण्यासारखे होते. रिकाम्या खुर्च्या मग काही महिन्यांच्या कंत्राटांवर भरल्या जाऊ लागल्या, आणि ‘तात्पुरते’ म्हणून आलेले वादक वर्षानुवर्षे तात्पुरतेच राहिले.

यावर कोणी म्हणेल की कलावंताची ओढाताण सगळीकडे असते आणि ती जुनीच आहे. जुनी आहे हे खरे, आणि ग्रीसमध्ये तिचे सर्वांत बोलके उदाहरण संगीतरचनाकार निकोस स्काल्कोत्तास यांचे आहे. 1904 मध्ये खाल्किदा येथे जन्मलेले स्काल्कोत्तास तरुणपणी बर्लिनला गेले, तिथे आर्नोल्ड शोएनबर्ग यांच्या वर्गात रचनाशास्त्र शिकले आणि 1933 मध्ये अथेन्सला परतले. पुढची सोळा वर्षे, म्हणजे 1949 मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, या माणसाने अथेन्समधल्या वाद्यवृंदांच्या मागच्या रांगांत बसून व्हायोलिन वाजवले आणि उरलेल्या वेळात विसाव्या शतकातल्या युरोपीय संगीतात आज ज्यांची गणना होते अशा कृती लिहिल्या. छत्तीस ग्रीक नृत्यांचा त्यांचा संच आता ग्रीक वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत अभिमानाने लावला जातो. त्यांच्या हयातीत मात्र त्यांच्या बहुतेक मोठ्या कृती कोणी वाजवल्याच नाहीत. ही कथा ग्रीसमध्ये बहुधा उपेक्षित प्रतिभेची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. स्काल्कोत्तास यांना निदान त्या मागच्या रांगेतली खुर्ची मिळाली होती, तिचा पगार येत होता, आणि त्या पगाराच्या आधारावरच त्यांची रात्रीची वही भरत होती. आजच्या त्यांच्या वारसदाराकडे ती मागची खुर्चीसुद्धा नाही.

मग तो जगतो कसा? सकाळ त्याची स्वतःची असते आणि ती सरावात जाते, ज्याचे पैसे कोणी देत नाही. दुपारी चारनंतर मुले शाळा आणि शिकवणी आटोपून मोकळी होतात, तेव्हा तो एखाद्या खासगी संगीत विद्यालयात, म्हणजे ग्रीक ज्याला ओदिओ म्हणतात तिथे, रात्री नऊपर्यंत शिकवतो. आपल्याकडे महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची जी अवस्था आहे ती वाचकांना ठाऊक आहे. ओदिओमधल्या शिक्षकाची तीच आहे, तासावर पैसे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये विद्यालय बंद म्हणून पैसेही बंद. उन्हाळ्यातली ती पोकळी भरून काढायला तो लोकप्रिय गायकांच्या मोठ्या मैफलींत मागच्या तंतुवाद्यांच्या ताफ्यात बसतो, किंवा सांतोरिनीला जाऊन परदेशी जोडप्यांच्या लग्नात सूर्यास्ताच्या वेळी पाखेलबेलचा कॅनन वाजवतो. यात कमीपणा काही नाही. लग्नात वाजवणे हा जगभरच्या वादकांचा जुना आणि मानाचा उद्योग आहे, आणि चांगला वादक तिथेही चांगलेच वाजवतो. प्रश्न असा आहे की या चार ठिकाणच्या चार तुकड्यांची बेरीज केली तरी एक पूर्ण उपजीविका तयार होत नाही, आणि जी होते ती कागदावर उपजीविका म्हणून नोंदली जात नाही.

ओबोवादकाच्या टेबलाकडे जरा जवळून पाहावे म्हणजे ‘काम’ या गोष्टीची मोजणी कुठे चुकते ते कळते. ओबो ज्या दुहेरी पातीतून वाजतो ती पाती सरावलेला वादक सहसा स्वतः बनवतो. दक्षिण फ्रान्सच्या वार भागातून येणाऱ्या नळाच्या, म्हणजे बोरूच्या जातीतल्या कांडीचा तुकडा चिरायचा, तासून पातळ करायचा, भिजवायचा, दुमडायचा, छोट्या धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधायचा आणि मग धारदार सुरीने कागदाहून बारीक थर काढत काढत तो बोलू लागेपर्यंत खरवडायचा. पाच-सहा पात्या कराव्यात तेव्हा एखादी मैफलीत न्यावी अशी निघते, आणि तीही नियमित वाजवली तर एक-दोन आठवड्यांत थकते. उमेदीच्या वादकाला नवा, व्यावसायिक दर्जाचा ओबो आठ-दहा हजार युरोच्या घरात पडतो. म्हणजे मैफलीच्या दोन तासांच्या मागे कित्येक दिवसांची हस्तकला, कित्येक वर्षांचा सराव आणि छोट्या मोटारीच्या किमतीचे अवजार उभे असते. करारात मात्र बहुतेक वेळा एकरकमी बिदागी लिहिलेली असते, आणि तिच्यात चार तालमी, प्रवास आणि रंगीत तालीम हे सगळे गृहीत धरलेले असते. पातीचा उल्लेख अर्थातच कोणत्याच करारात नसतो.

या एकरकमी बिदागीचा खरा फटका बसतो तो विम्याच्या बाबतीत, आणि हा मुद्दा मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण कलेच्या चर्चेत तो रुक्ष म्हणून नेहमी मागे ढकलला जातो. ग्रीसमध्ये नोकरदाराचे हक्क विम्याच्या दिवसांवर ठरतात. मालकाने कामाचे जितके दिवस घोषित केले आणि वर्गणी भरली तितके दिवस तुमच्या खात्यावर जमा होतात; त्यांना लोक अजूनही ‘एन्सिमा’ म्हणतात, कारण पूर्वी ते खरोखरच पुस्तिकेत चिकटवलेल्या तिकिटांच्या रूपात असत. वैद्यकीय संरक्षण, बाळंतपण, निवृत्तिवेतन, बेकारभत्ता हे सगळे त्या दिवसांवर अवलंबून. बेकारभत्त्याचा सर्वसाधारण नियम असा की मागच्या चौदा महिन्यांत किमान 125 दिवस जमा हवेत. आता पाच दिवस तालीम आणि सहाव्या दिवशी मैफल अशा कामासाठी आयोजकाने एकच दिवस घोषित केला, आणि हे कित्येकदा घडते, तर वादकाला भत्त्याची पात्रता मिळवायला सव्वाशे मैफली वाजवाव्या लागतील. पूर्ण वेळ नोकरीवर असलेला वादकही चौदा महिन्यांत इतक्या वाजवत नाही. म्हणजे प्रत्यक्षात वर्षभर राबणारा माणूस सरकारी नोंदीत वर्षातले काही आठवडेच कामावर असल्यासारखा दिसतो.

यावर पर्याय म्हणून त्याला स्वतंत्र व्यावसायिक व्हायला सांगितले जाते. पावतीपुस्तक घ्या, प्रत्येक बिदागीची पावती फाडा, मोकळे व्हा. तिथे त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते तेही पाहू. पावतीच्या रकमेतून आयोजक सहसा वीस टक्के कर आधीच कापून घेतो. 2011 पासून केवळ व्यवसाय नोंदवल्याबद्दल वार्षिक कर सुरू झाला, तो पुढे 650 युरोपर्यंत गेला आणि आता आता कुठे रद्द झाला. 2016 च्या कायद्याने सामाजिक विम्याची वर्गणी उत्पन्नाच्या सुमारे सत्तावीस टक्के ठरवली. 2020 मध्ये ती बदलून ठरावीक मासिक हप्ते आले, म्हणजे ज्या महिन्यात एकही कार्यक्रम नाही त्या महिन्यातही हप्ता चुकत नाही. आणि डिसेंबर 2023 च्या करकायद्याने असे गृहीत धरले की स्वतंत्र व्यावसायिक वर्षाला निदान 10,920 युरो कमावतोच, म्हणून त्याने निदान तेवढ्यावर कर भरावा. करबुडव्या डॉक्टर-वकिलांना आणि दुकानदारांना चाप लावण्याचा त्यामागचा हेतू मला समजतो, आणि ग्रीसमध्ये त्याची गरज नव्हती असे मी म्हणणार नाही. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत त्यात सवलत आहे, आणि दोन-तीन ग्राहकांसाठीच काम करणाऱ्यांना काही अटींवर सूटही आहे. पण वादकाचे काम मुळातच दहा-पंधरा ठिकाणी विखुरलेले असते, त्यामुळे ज्या सूटीची सर्वाधिक गरज त्याला तीच सूट त्याच्या वाट्याला येत नाही. न कमावलेल्या पैशावर कर भरा, किंवा आपण तेवढे कमावत नाही हे कार्यालयाचे उंबरठे झिजवून सिद्ध करा, अशा कात्रीत तो सापडतो.

पदवीचा प्रश्न याहून जुना. ग्रीसमधले वादनाचे शिक्षण एकोणिसाव्या शतकापासून ओदिओंनी वाहिले आहे. अथेन्सचे ओदिओ 1871 चे. थेस्सालोनिकीचे 1914 चे आणि देशातले एकमेव सरकारी. बाकी सगळी खासगी किंवा नगरपालिकांची. त्यांच्या कारभाराचा कायदेशीर साचा 1957 आणि 1966 च्या राजाज्ञांनी घालून दिला, पुढे 1974 च्या सार्वमताने राजेशाही गेली, पण त्या आज्ञा अर्धशतकाहून अधिक काळ ओदिओंचा कारभार ठरवत राहिल्या. या व्यवस्थेत मूल आठव्या-नवव्या वर्षी प्रवेश घेते आणि बारा-पंधरा वर्षांनी, परीक्षकांच्या मंडळापुढे पूर्ण मैफल वाजवून, डिप्लोमा मिळवते. त्या डिप्लोमाची शैक्षणिक श्रेणी काय, तर काहीच नाही. विद्यापीठांत संगीताचे विभाग आहेत, थेस्सालोनिकी, अथेन्स आणि कॉर्फू येथे त्यांनी मोलाचे काम केले आहे, पण त्यांतल्या बहुतेकांचा मूळ भर संगीतशास्त्रावर. वादक घडवण्याचा भार ओदिओंवरच राहिला.

डिसेंबर 2022 मध्ये निघालेल्या 85 क्रमांकाच्या राष्ट्रपती आदेशाने सरकारी भरतीच्या पात्रता ठरवताना कलाशिक्षणाच्या या पदव्या माध्यमिक शिक्षणाच्या बरोबरीने धरल्या. नट, नर्तक, गायक आणि वादक त्यानंतरचे काही महिने अथेन्स आणि थेस्सालोनिकीच्या रस्त्यांवर होते. नाट्यशाळांचे विद्यार्थी आणि कलावंत यांनी नाट्यगृहे ताब्यात घेऊन आंदोलन केले. सरकारचे म्हणणे असे होते की आदेशाने कोणाची पत कमी केलेली नाही, कारण या पदव्यांना श्रेणी आधीही नव्हती. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही, पण त्याने प्रश्न सुटत नाही, उलट तो किती जुना आहे एवढेच सिद्ध होते. पंधरा वर्षे शिकलेल्या पियानोवादकाला बारावी पास उमेदवाराच्या पंक्तीत बसवणे हा निव्वळ मानापमानाचा विषय नाही. सरकारी शाळेत नेमणूक झाली तर पगाराची श्रेणी त्यावर ठरते, परदेशात पुढे शिकायला जायचे तर प्रवेश त्यावर अडतो. उच्च शिक्षण फक्त सार्वजनिक संस्थांनीच द्यावे अशी त्याच सोळाव्या कलमातली तरतूद पुढे करून खासगी ओदिओंचे दार आजवर बंद ठेवले गेले. 2024 मध्ये याच तरतुदीचा नवा अर्थ लावून परदेशी विद्यापीठांच्या शाखांना ग्रीसमध्ये वाट करून देणारा कायदा संसदेने संमत केला. जिथे इच्छा होती तिथे वाट सापडली, ही गोष्ट ग्रीक संगीतकारांनी लक्षात ठेवावी आणि सरकारला विसरू देऊ नये.

संकटाच्या वर्षांबद्दल लिहायचे तर 11 जून 2013 ची रात्र टाळता येत नाही. त्या दिवशी सरकारने जाहीर केले की ईआरटी आजच बंद होत आहे. मध्यरात्रीच्या सुमारास पडदे काळे झाले आणि सुमारे 2,600 कर्मचाऱ्यांची नोकरी एका फटक्यात गेली. त्यांत राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंद, समकालीन संगीताचा वाद्यवृंद आणि गायकवृंदही होते. पुढच्या दिवसांत आयिया पारास्केवी येथील मुख्यालयात कर्मचारी ठाण मांडून बसले, बाहेर लोक जमले, आणि वाद्यवृंदाने तिथेच मैफल केली. तिची चित्रफीत जगभर पाहिली गेली. व्हायोलिनवादक स्त्रिया वाजवता वाजवता रडत आहेत, गायकवृंदातल्या काहींना शब्द फुटत नाहीत, आणि तरी लय सुटत नाही. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी इमारत रिकामी केली. दोन वर्षांनी, 11 जून 2015 रोजी, नव्या सरकारने ईआरटी पुन्हा सुरू केली आणि वाद्यवृंद परतला, हे चांगलेच झाले. पण पंच्याहत्तर वर्षांचा वाद्यवृंद एका संध्याकाळी बंद करता येतो, हे त्या पिढीच्या वादकांनी पाहिले आहे. अशा वेळी शिक्षक आपल्या हुशार विद्यार्थ्याला काय सांगणार? तो त्याला जर्मन शिकायला सांगतो.

ईआरटीचा वाद्यवृंद निदान परत आला. संगीतकार मानोस हाजिदाकिस यांनी 1989 मध्ये उभारलेला ‘रंगांचा वाद्यवृंद’ सरकारी अनुदान आटल्यावर संकटाच्या सुरुवातीच्याच वर्षांत बंद पडला, तो पडलाच. 1,034 नगरपालिका एकत्र करून 325 करणाऱ्या 2011 च्या फेररचनेत गावोगावच्या सांस्कृतिक संस्थाही विलीन झाल्या, आणि नगरपालिकांच्या ओदिओंत शिकवणाऱ्यांचे थकलेले पगार हा नित्याचा विषय झाला. 2012 मध्ये देशाचे किमान वेतन 751 वरून 586 युरोवर, पंचविशीच्या आतल्यांसाठी तर 511 वर आणले गेले. ज्यांच्या मुलांच्या फीवर ओदिओ चालत होती त्या घरांतच पैसा उरला नाही. संगीतकारांचे स्वामित्वशुल्क गोळा करणाऱ्या ‘एईपीआय’ या संस्थेच्या हिशेबांत गंभीर गैरप्रकार आढळल्यावर सरकारने 2018 मध्ये तिचा परवाना रद्द केला, तेव्हा रचनाकारांच्या येणे रकमाही अडकल्या. आणि मार्च 2020 मध्ये साथीमुळे नाट्यगृहे बंद झाली तेव्हा कळले की मदत कोणाला द्यायची हे ठरवायला राज्याकडे कलावंतांची धड यादीसुद्धा नाही. विम्याचे दिवस ज्यांचे कधी नोंदलेच गेले नव्हते ते वादक मदतीच्या निकषांत कसे बसणार? ‘सपोर्ट आर्ट वर्कर्स’ या नावाने तेव्हा उभ्या राहिलेल्या चळवळीने ‘आम्ही कामगार आहोत’ हे जे ठणकावून सांगितले, ते माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत ग्रीक कलाक्षेत्राने केलेले सर्वांत महत्त्वाचे विधान आहे.

विरोधी युक्तिवादांपैकी एक मला खरोखर विचार करायला लावतो. तो असा: ज्या देशाचे निवृत्तिवेतनधारक औषधांच्या खर्चाने हवालदिल आहेत तिथे करदात्याने मूठभर शहरी लोकांच्या उसन्या, युरोपीय आवडीसाठी पैसा का द्यावा? ग्रीसचे स्वतःचे संगीत बुझुकीत आहे, एपिरसच्या क्लॅरिनेटमध्ये आहे, बेटांवरच्या व्हायोलिनमध्ये आहे आणि चर्चमधल्या बायझंटाइन गायनात आहे. ते जगवा, हे कशाला?

या प्रश्नाला कॉर्फू बेट उत्तर देते. आयोनियन समुद्रातले हे बेट चारशे वर्षे व्हेनिसच्या ताब्यात होते आणि अठराव्या शतकापासून तिथे ऑपेरा ऐकली जात होती. नंतर ब्रिटिशांचा अंमल आला, आणि त्यांनी संत स्पिरिडॉन यांच्या मिरवणुकीत आपले लष्करी बँड पाठवायचे बंद केले, तेव्हा बेटावरच्या लोकांनी 1840 मध्ये आपली फिलहार्मोनिक संस्था काढली. तिचे नेतृत्व निकोलाओस मांत्झारोस यांच्याकडे होते, म्हणजे ग्रीसच्या राष्ट्रगीताला चाल देणाऱ्याकडे. आज त्या लहानशा बेटावर असे डझनाहून अधिक बँड आहेत, गावागावांत आहेत, आणि तिथे मुलांना वाद्य आणि शिक्षण फुकट मिळते. ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी आणि शनिवारी शेतकऱ्याचा मुलगा आणि न्हाव्याची मुलगी गणवेश घालून रस्त्यातून व्हर्डी आणि शोपॅंची शोकगीते वाजवत जातात आणि सगळे गाव दुतर्फा उभे असते. ग्रीक वाद्यवृंदांतले फुंकवाद्यांचे कितीतरी वादक याच बँडांतून आले आहेत. गोव्याच्या पॅरिश शाळांतून सोल्फा, म्हणजे पाश्चात्य स्वरवाचन, आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गेलेल्या वादकांची परंपरा ज्यांना माहीत आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. तिथेही शिक्षण गावाने दिले, कला शहराने वापरली, आणि सिंथेसायझर आल्यावर त्या वादकांच्या म्हातारपणाची जबाबदारी कोणी घेतली नाही. अभिजात संगीत मूठभरांचे असते असे नव्हे. जिथे ते शिकणे महाग ठेवले जाते तिथे ते मूठभरांचे होते.

शिवाय लोकसंगीत विरुद्ध अभिजात हा वाद ग्रीक वर्गखोलीत केव्हाच मिटला आहे. 1988 मध्ये अथेन्सजवळ पाल्लिनी येथे पहिले सरकारी संगीत माध्यमिक विद्यालय सुरू झाले आणि त्या धर्तीवर आज देशभर पन्नासेक विद्यालये आहेत. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला पियानोही शिकावा लागतो आणि तंबुरास हे लांब मानेचे परंपरागत तंतुवाद्यही. माझ्या माहितीत युरोपातल्या इतर कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा ही कल्पना अधिक सुंदर आहे. पण याच विद्यालयांत वाद्ये शिकवणारे शिक्षक मोठ्या संख्येने बदली किंवा तासिका तत्त्वावरचे असतात; शाळा सप्टेंबरात उघडते, आणि नेमणुकांचा घोळ संपेपर्यंत मुलांचे वाद्याचे तास कित्येकदा रिकामे जातात. क्लॅरिनेट शिकवणारा एपिरसचा लोकवादक आणि बाख शिकवणारा पियानोवादक दोघेही त्याच रांगेत, त्याच प्रकारच्या आदेशाची वाट पाहत उभे असतात.

दुसरा आक्षेप असा की प्रतिभेला कोणी अडवू शकत नाही. वाद्यवृंदसंचालक दिमित्री मित्रोपोलोस 1937 मध्ये मिनियापोलिसला गेले आणि पुढे न्यू यॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले. अथेन्समध्ये एल्विरा दे इदाल्गो यांच्या हाताखाली घडलेल्या ऑपेरागायिका मारिया कॅलास 1945 मध्ये देश सोडून गेल्या. व्हायोलिनवादक लेओनिदास कावाकोस 1985 ची सिबेलियस स्पर्धा जिंकून जगभर वाजवू लागले. अथेन्सचे वाद्यवृंदसंचालक तेओदोर करेंत्झिस रशियात मोठे झाले. ही नावे ग्रीसचा अभिमान आहेत आणि असावीत. पण एखाद्या देशाचे संगीत चार ताऱ्यांवर चालत नाही. ते दुसऱ्या व्हायोलिनच्या तिसऱ्या रांगेवर, गावातल्या सोल्फाच्या शिक्षिकेवर, ऑपेरातल्या गायकांना रोज भूमिका बसवून घेणाऱ्या पियानोवादकावर चालते. कावाकोस यांना सरकारी वेतनश्रेणीची गरज नाही. त्या शिक्षिकेला आहे. 2008 नंतरच्या काही वर्षांत चार लाखांहून अधिक लोक ग्रीस सोडून गेले, आणि त्यांत जे वादक गेले त्यांच्याबरोबर त्यांचे उद्याचे विद्यार्थीही गेले.

खासगी न्यासांनी या काळात जे केले त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. स्तावरोस नियार्खोस न्यासाने ऑपेराचे घर आणि राष्ट्रीय ग्रंथालय बांधून राज्याच्या हवाली केले आणि ऑपेराला चालवायलाही भरघोस मदत दिली. ओनासिस न्यासाच्या शिष्यवृत्त्यांवर अनेक तरुण परदेशी शिकले. 2017 मध्ये स्थापन झालेल्या ग्रीक युवा सिंफनी वाद्यवृंदात वाजवणारी मुले पाहिली की या देशात उमेद संपलेली नाही हे कळते. पण अनुदानाला मुदत असते आणि न्यासाला स्वतःची पसंती असते. वादकाचे निवृत्तिवेतन, आजारपण आणि बाळंतपण यांची हमी कोणताही न्यास देत नाही, देऊ शकतही नाही.

म्हणून मागणी वाद्यवृंदांच्या चकचकीत विस्ताराची नको, ती कामाच्या नोंदीपासून सुरू व्हावी. फ्रान्समध्ये रंगमंचावरच्या खंडित रोजगाराला मान्यता देणारी व्यवस्था कित्येक दशकांपासून आहे: बारा महिन्यांत 507 तासांचे घोषित काम झाले की कलावंताला कार्यक्रमांमधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो, आणि पगारी तालमी त्या तासांत धरल्या जातात. ती व्यवस्था महाग आहे, तिच्यावर दर काही वर्षांनी वाद होतो, आणि ग्रीसने ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. तिच्यातले मूळ तत्त्व मात्र ग्रीसला आजच घेता येईल, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक महोत्सवाने, नगरपालिकेने आणि सभागृहाने तालमीचा प्रत्येक दिवस विम्याचा दिवस म्हणून घोषित केला पाहिजे, आणि जो करणार नाही त्याचे पुढच्या वर्षीचे अनुदान थांबले पाहिजे. अथेन्स-एपिडॉरस महोत्सव 1955 पासून चालू आहे. त्याच्यासारख्या मोठ्या संस्थेने हा दंडक पाळला की लहानांना सबब उरणार नाही. किमान उत्पन्नाच्या अनुमानातून मंचकलेतल्या वादकांना वगळणे ही एका ओळीची दुरुस्ती आहे. सरकारी वाद्यवृंदांतल्या मंजूर पण रिकाम्या जागांची यादी दर वर्षी जाहीर व्हावी आणि पडद्याआडून होणाऱ्या वादनपरीक्षांच्या तारखा तिच्यासोबतच लागाव्यात. ओदिओच्या डिप्लोमाला श्रेणी देण्यासाठी विद्यापीठांच्या संगीत विभागांनी परीक्षा घ्यावी आणि जे उत्तीर्ण होतील त्यांना पदवी द्यावी. अनेक ओदिओ दर्जाने कमी आहेत हा आक्षेप खरा असेल तर तो दूर करण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. आणि संगीत विद्यालयांतल्या शिक्षकांचे नेमणूक आदेश जूनमध्ये, आधीचे वर्ष संपतानाच निघावेत, म्हणजे सप्टेंबरमध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी तंबुरासच्या वर्गात शिक्षक असेल आणि त्या शिक्षकाला उन्हाळ्यात घरमालकाला काय सांगायचे हे माहीत असेल.